घर, दलाल आणि इंटरनेट : विश्वास कुठे ठेवायचा?



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना जरा नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या आमच्यासारख्या माणसाने घरांच्या दलालांविषयी काय बोलायचं? पण थोडा विचार करा. मध्यमवर्गीय कुटुंब आयुष्यात बहुधा एकदाच घर घेतं. त्यात वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड जातो, आईचे चार दागिने जातात आणि मुलाच्या पगारातून पुढची वीस वर्षे हप्ते जात राहतात. एवढा मोठा निर्णय आपण बऱ्याचदा कुणाच्या शब्दावर घेतो? ज्याला महिन्यापूर्वी आपण ओळखतही नव्हतो, अशा माणसाच्या शब्दावर. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास केव्हा ठेवावा, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे. म्हणून हा विषय आमच्या अंगणातलाच आहे, असं आम्ही मानतो.

आता त्यात इंटरनेटची भर पडली आहे. तरुण मंडळी म्हणतात, 'सगळं ऑनलाइन बघता येतं, चांगला एजंट शोधणं सोपं झालंय.' वडीलधारी मंडळी म्हणतात, 'त्या मोबाइलवरच्या चांदण्यांवर काय विश्वास ठेवायचा?' दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धवट आहे. आजचं आमचं सांगणं थोडक्यात असं की, चांगला दलाल शोधून देण्याच्या कामी इंटरनेट बेताचंच उपयोगी पडतं; मात्र समोर आलेल्या दलालाची पारख करण्याच्या कामी ते फार उपयोगी पडतं. या दोन गोष्टींतला फरक नीट समजून घेऊ.

विश्वासार्ह माणूस म्हणजे कोण?

आपल्याकडच्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातला शब्द म्हणजे कुणाचाही शब्द नव्हे. तो आप्ताचा, म्हणजे विश्वासार्ह माणसाचा असावा लागतो. इथे आप्त म्हणजे नातेवाईक नाही, हे लक्षात ठेवा. नात्यातलाच दलाल गाठून पस्तावलेली माणसं काही कमी नाहीत! भाष्यकार वात्स्यायनाने आप्ताची जी लक्षणं सांगितली, त्यांचा मथितार्थ असा : एक, त्या माणसाला ती गोष्ट स्वतः पक्की माहीत असली पाहिजे. दोन, जशी माहीत आहे तशीच सांगायची त्याची इच्छा असली पाहिजे. आणि गंमत म्हणजे वात्स्यायन सांगतो की ही लक्षणं ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखीच लागू होतात. म्हणजे विश्वासार्हता कुळावर किंवा पदवीवर ठरत नाही. ती माहिती आणि प्रामाणिकपणा यांवर ठरते.

ही दोन लक्षणं दलालाला लावून बघा. या माणसाला या इमारतीविषयी, या परिसराविषयी, या कागदपत्रांविषयी खरोखर माहिती आहे का? आणि असली, तर ती आपल्याला जशीच्या तशी सांगण्यात त्याला काही अडचण आहे का? दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. कारण तो हितसंबंधांचा प्रश्न आहे. दलाल वाईट माणूस असतो म्हणून नव्हे, तर व्यवहार झाला तरच त्याच्या हातात पैसे पडतात म्हणून.

दलालाची डायरी

इंटरनेट येण्यापूर्वी दलालाचं भांडवल काय होतं? त्याची डायरी. कुठला फ्लॅट विकायचा आहे, मालकाला किती घाई आहे, शेजारच्या बिल्डिंगमध्ये गेल्या महिन्यात सौदा कितीला झाला, हे सगळं त्या डायरीत. आपल्याकडे काय होतं? रविवारच्या वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती आणि मेहुण्याचा सल्ला. एका बाजूला माहिती आणि दुसऱ्या बाजूला अंधार, अशी ही स्थिती.

अशा बाजाराचं काय होतं, हे जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका निबंधात दाखवलं. त्याचं उदाहरण जुन्या मोटारींचं होतं. चांगली गाडी कोणती आणि खटारा कोणता हे ग्राहकाला ओळखता येत नसेल, तर तो दोन्हींना सारखीच, मधली किंमत द्यायला तयार होतो. मग चांगल्या गाडीच्या मालकाला ती किंमत परवडत नाही आणि तो बाजारातून निघून जातो. मागे खटारे उरतात. या विचारासाठी अकरलॉफला २००१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. दलालांच्या बाजारालाही हे लागू पडतं. प्रामाणिक दलाल आणि थापाड्या दलाल आपल्याला वेगळे ओळखता येत नसतील, तर नुकसान आपलं तर होतंच. पण प्रामाणिक दलालाचंही होतं. खरं बोलून गिऱ्हाईक घालवण्यापेक्षा थाप मारणं त्याला परवडायला लागतं.

आणखी एक अमेरिकन अभ्यास सांगण्याजोगा आहे. तिथे घर विकणारा मालक आपल्या बाजूने एजंट नेमतो. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हरसन यांनी शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरांच्या विक्रीचा अभ्यास करून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एजंट जेव्हा स्वतःचं घर विकतात, तेव्हा ते घर साडेनऊ दिवस जास्त काळ बाजारात ठेवतात आणि सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतात, असं त्यांना आढळलं. गिऱ्हाइकाचं घर असलं की मात्र 'आलेली ऑफर घेऊन टाका' असा सल्ला. का? दहा दिवस थांबून किंमत थोडी वाढली, तर त्यातला दलालीचा वाटा अगदीच किरकोळ असतो. मेहनत मात्र पूर्ण असते. इथे कुणी खोटं बोललं असं नाही. हितसंबंध जिकडे झुकले, तिकडे सल्ला झुकला, एवढंच. आपल्याकडची पद्धत वेगळी आहे, पण माणसाचा स्वभाव शिकागोत आणि शिवाजीनगरात सारखाच असतो.

चांदण्या आणि याद्या

आता इंटरनेटकडे येऊ. तिथे दोन अगदी वेगळ्या प्रकारची माहिती मिळते आणि आपण ती एकाच टोपलीत टाकतो. तिथूनच घोटाळा सुरू होतो.

पहिला प्रकार म्हणजे मतं आणि जाहिराती. मॅजिकब्रिक्स, नाइंटीनाइन एकर्स यांसारख्या स्थळांवर घरं दिसतात, एजंटांची नावं दिसतात, कुठे चांदण्या दिसतात, कुठे अभिप्राय दिसतात. याचा उपयोग नाही असं नाही. एखाद्या भागात घरं साधारण काय किमतीला मागितली जातात, याचा अंदाज येतो. अमेरिकेत किंवा दुबईत राहणाऱ्या मराठी मुलाला पुण्यातल्या आईवडिलांसाठी घर बघायचं असेल, तर पहिली चाळणी तिथे लावता येते. पण दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. तिथे दिसते ती मागितलेली किंमत, झालेल्या सौद्याची नव्हे. आणि जे नाव यादीत सर्वांत वर आहे, ते बऱ्याचदा पैसे भरून वर आलेलं असतं. वर असणं आणि चांगलं असणं यांचा काही संबंध नाही.

अभिप्रायांचं काय? अभिप्राय केव्हा लिहिला जातो, हे बघा. माणूस तो लिहितो बुकिंग झाल्यावर किंवा चावी हातात आल्यावर, पेढ्यांचा गोडवा तोंडात असताना. कार्पेट कमी निघालं, पार्किंग कागदावर नव्हतंच, भोगवटा प्रमाणपत्र रखडलं, हे कळतं वर्ष-दोन वर्षांनी. तेव्हा कुणी परत जाऊन चांदण्या कमी करत बसत नाही. शिवाय विकत घेतलेल्या अभिप्रायांचा प्रश्न आहेच. तो इतका वाढला की भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी एक स्वतंत्र मानकच प्रसिद्ध केलं. पण ते ऐच्छिक आहे. तेव्हा अभिप्राय वाचायचेच असतील, तर चांदण्या मोजू नका; तपशील शोधा. 'फारच छान सेवा, धन्यवाद सर' यातून काहीच कळत नाही. 'सोसायटीची थकबाकी आहे हे यांनी आधीच सांगितलं' यातून पुष्कळ कळतं.

नोंदी

दुसरा प्रकार म्हणजे नोंदी. इथे कुणाचं मत नसतं. कुणीतरी कायद्याने बांधलेला असतो म्हणून माहिती भरतो, आणि चुकीची भरली तर त्याला जाब द्यावा लागतो. न्यायाच्या भाषेत सांगायचं, तर या शब्दामागे जबाबदारी उभी असते.

महाराष्ट्रात यातली सर्वांत महत्त्वाची नोंद महारेराकडे आहे. स्थावर संपदा कायदा २०१६ साली संसदेत मंजूर झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्यानुसार बिल्डरच्या नोंदणीकृत प्रकल्पात घर विकायला मदत करणाऱ्या एजंटालाही नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी न करता काम केलं, तर दिवसाला १० हजार रुपये आणि एकूण मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. एजंटाचा नोंदणी क्रमांक इंग्रजी 'ए' अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी' ने. दोन्ही महारेराच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतात.

२०२३ पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. ज्यांनी प्रमाणपत्र सादर केलं नाही, अशा हजारो एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित झाली. म्हणून नुसता क्रमांक ऐकून समाधान मानू नका. तो आज चालू आहे का, हे बघा. प्रकल्पाच्या जाहिरातींवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही आवश्यक केला आहे. मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरला की प्रकल्पाचं पान उघडतं. ज्यांना संकेतस्थळावर शोधाशोध जमत नाही, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे.

प्रकल्पाच्या त्या पानावर काय असतं? काम पूर्ण करण्याची मूळ तारीख आणि ती बदलली असेल तर सुधारित तारीख. मंजुऱ्या. जमिनीवरचा बोजा आणि कोर्टातले वाद. सदनिकांचं कार्पेट क्षेत्र. किती सदनिका बुक झाल्या, याची माहिती बिल्डरने दर तिमाहीला द्यायची असते. आणि या प्रकल्पासाठी बिल्डरने नेमलेल्या एजंटांची नावंही तिथे असतात. म्हणजे पूर्वी जी दलालाची डायरी होती, तिची अर्धी पानं आज उघडी आहेत.

पण या नोंदींच्याही मर्यादा आहेत. नोंदणी म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. परवाना असलेला प्रत्येक ड्रायव्हर जपून गाडी चालवतो का? नाही. तसंच इथे. शिवाय ही नोंदणी बिल्डरकडून होणाऱ्या विक्रीपुरती आहे. जुना फ्लॅट एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातो, ज्याला आपण रिसेल म्हणतो, तिथे केवळ रिसेल करणाऱ्या एजंटाला ही सक्ती लागू होत नाही. पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेले छोटे प्रकल्पही कायद्याने नोंदणीतून वगळले आहेत. तेव्हा यादीत नाव नाही म्हणून माणूस लबाड, असा निष्कर्ष लगेच काढू नका. आधी विचारा, व्यवहार कुठल्या प्रकारचा आहे?

उत्तर माहीत असलेला प्रश्न

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. या नोंदींचा उपयोग कसा करायचा? बहुतेक लोक त्या शेवटी बघतात, टोकन देऊन झाल्यावर. आमचं म्हणणं आहे की त्या सर्वांत आधी बघा, आणि बघितल्याचं दलालाला सांगू नका. मग त्याला साधेपणाने तेच प्रश्न विचारा.

'ताबा कधी मिळेल हो?' 'कार्पेट नेमकं किती?' 'किती फ्लॅट शिल्लक आहेत?' 'जागेवर काही केस वगैरे?'

यांची उत्तरं आपल्याला आधीच माहीत आहेत. तरी विचारायची. कारण आपण इथे इमारतीची माहिती घेत नाही, माणसाची परीक्षा घेतो आहोत. यात काही कपट नाही बरं का. आम्ही जन्मभर विद्यार्थ्यांना उत्तर माहीत असलेलेच प्रश्न विचारत आलो; त्याला कुणी फसवणूक म्हटलं नाही.

या परीक्षेचं तर्कशास्त्र समजून घ्या. दलालाच्या शंभर विधानांपैकी नव्वद आपल्याला तपासता येत नाहीत. शेजारी कसे आहेत, बिल्डर शब्दाला जागतो का, पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी येतं का, मालक आणखी किती खाली येईल. या नव्वद बाबतींत आपल्याला त्याच्या शब्दावरच अवलंबून राहायचं आहे. मग जी दहा तपासता येतात, त्यांवरून नव्वदांचा अंदाज बांधायचा. तपासता येणाऱ्या गोष्टीतही जो खोटं बोलतो, तो न तपासता येणाऱ्या गोष्टीत खरं बोलेल, असं मानायला काही आधार नाही. उलट बाजूने मात्र जपून राहा. दहा उत्तरं बरोबर आली म्हणजे माणूस सिद्ध झाला, असं नव्हे. खोट्या उत्तराने विश्वास एका झटक्यात जातो. खऱ्या उत्तरांनी तो थोडा थोडा जमतो.

आमच्या परिचयातल्या एका निवृत्त ग्रंथपाल बाईंचं उदाहरण सांगतो. निवृत्तीचे आलेले पैसे आणि जुनं घर विकून आलेली रक्कम, एवढंच त्यांच्याजवळ होतं. पुण्याच्या कडेला बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीत त्यांना दोन खोल्यांचं घर घ्यायचं होतं. भाच्याने क्यूआर कोड लावून पान उघडून दिलं. काम पूर्ण होण्याची तारीख दीड वर्षाने पुढे गेलेली दिसली. बाईंनी दोन एजंटांना एकच प्रश्न विचारला, ताबा कधी? पहिला म्हणाला, 'दिवाळीत तोरण लावा, काकू.' बाईंनी तारखेचा विषय काढला, तेव्हा म्हणाला, 'ती वेबसाइट कुणी बघत नाही हो.' दुसरा म्हणाला, 'बिल्डर दिवाळी म्हणतोय, पण माझी खात्री नाही. बघून उद्या सांगतो.' आणि दुसऱ्या दिवशी त्याने फोन करून सांगितलं, तारीख पुढे गेली आहे. तुम्ही भाड्याने राहत असाल तर दीड वर्षाच्या भाड्याचा हिशेब धरा. बाईंनी ते घर घेतलं नाही. पण त्याच दुसऱ्या एजंटामार्फत सहा महिन्यांनी एक तयार घर घेतलं. ज्याने स्वतःचा सौदा मोडू दिला, त्याला गिऱ्हाईक मिळालं.

यात लक्षात घेण्यासारखं काय आहे? दुसऱ्याला उत्तर पाठ नव्हतं. तो म्हणाला, 'खात्री नाही, बघून सांगतो.' आप्ताची दोन्ही लक्षणं या एका वाक्यात आहेत. आपल्याला काय माहीत नाही हे त्याला ठाऊक आहे, आणि ते लपवायची त्याची इच्छा नाही. सगळ्या प्रश्नांची फटाफट उत्तरं देणाऱ्या माणसावर आपण लवकर भाळतो. जरा थांबून बघणारा माणूस आपल्याला अडाणी वाटतो. पुष्कळदा नेमकं उलट असतं.

'आता शेवटचे दोनच फ्लॅट उरलेत' हे वाक्यही असंच तपासता येतं. संकेतस्थळावरची संख्या दोन-तीन महिने जुनी असू शकते, हे मान्य. पण तिथे चाळीस रिकामे दिसत असतील आणि दलाल दोन म्हणत असेल, तर विचारावं, 'एवढ्यात अडतीस गेले का?' ऑनलाइन व्यवहारातल्या अशा खोट्या घाईला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या क्लृप्त्यांमध्ये धरलं आहे. समोर बसलेल्या माणसाने केलेली खोटी घाई काही वेगळी नसते.

जुनं घर घेताना

रिसेलमध्ये महारेराचं पान नसतं, मग परीक्षा कशावर घ्यायची? इथे नोंदणी व मुद्रांक विभागाचं संकेतस्थळ कामाला येतं. नोंदवलेल्या दस्तांची सूची, ज्याला सगळे 'इंडेक्स टू' म्हणतात, ती तिथे शोधता येते. त्या इमारतीत किंवा त्या गल्लीत आधीचे सौदे केव्हा आणि किती रकमेला नोंदले गेले, हे त्यात दिसतं. रेडी रेकनरचे दरही तिथेच आहेत. पण रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठीचा दर आहे. तो म्हणजे बाजारभाव नव्हे. आणि रोखीत काही दिलं-घेतलं असेल, तर ते दस्तात येत नाही, हेही ध्यानात ठेवावं.

एवढं बघून दलालाला विचारा, 'या बिल्डिंगमध्ये शेवटचा सौदा कितीला झाला?' आकडा तंतोतंत जुळला नाही तरी चालेल. वरचा मजला, रस्त्याकडची बाजू, आतलं फर्निचर, अशी फरकाची कारणं असतात. तो कारणं सांगतो का, आणि ती पटण्याजोगी आहेत का, हे बघायचं. नंतर एक प्रश्न असा विचारा, ज्याचं उत्तर कुठल्याच संकेतस्थळावर नाही : 'तुमचे पैसे कोण देणार?' नव्या प्रकल्पात दलाली बहुधा बिल्डर देतो. म्हणून ती आपल्याला फुकट वाटते, आणि म्हणूनच सल्ला कुणाच्या बाजूने झुकेल हे ओळखायला हवं. रिसेलमध्ये बऱ्याचदा दोन्ही बाजूंकडून दलाली घेतली जाते, साधारण एक ते दोन टक्के. कायद्याने दर ठरवून दिलेला नाही. या प्रश्नाला जो सरळ उत्तर देतो, त्याच्याशी पुढचं बोलणं सोपं जातं. जो 'ते नंतर बघू' म्हणतो, तिथे आपणच आत्ता बघायचं.

शब्द टिकवायचा

इंटरनेटचा आणखी एक उपयोग आहे, ज्याकडे फारसं लक्ष जात नाही. तोंडी शब्द हवेत विरतो, लिहिलेला राहतो. दलालाशी बोलून घरी आलात की त्याला एक छोटा मेसेज पाठवा : 'आज आपण सांगितल्याप्रमाणे कार्पेट इतकं, पार्किंग एक, ताबा अमुक महिन्यात, आपली दलाली इतकी. काही चुकलं असल्यास कळवावे.' भांडणाचा सूर नको, नुसती टाचण. प्रामाणिक माणूस लगेच 'बरोबर' म्हणतो किंवा दुरुस्ती करतो. दुसरा फोन करतो आणि म्हणतो, 'हे लिहिता कशाला?' याही उत्तरातून कळायचं ते कळतं.

कायदाही इथे आपल्या बाजूला आहे. नोंदणीकृत एजंटाने खोटं विधान करू नये, असं स्थावर संपदा कायदा सांगतो, आणि त्यात तोंडी विधानही धरलेलं आहे. बुकिंगच्या वेळी सर्व माहिती आणि कागदपत्रं ग्राहकाला मिळवून द्यायला मदत करणं हेही त्याचं कर्तव्य आहे. बिल्डरला नोंदणीकृत करारनाम्याआधी घराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. दलाल जास्त मागत असेल, तर तिथेच थांबा. एजंटाविरुद्धही महारेराकडे तक्रार करता येते. पण तक्रारीच्या वेळी आपल्या हातात काय आहे, हा प्रश्न येतोच. तेव्हा ती दोन ओळींची टाचण कामाला येते.

विश्वास कमी नको, योग्य जागी हवा

इतकं ऐकून कुणी म्हणेल, मग दलाल हवाच कशाला? सगळं आपणच बघू. ज्यांना वेळ आणि उमेद आहे, त्यांनी जरूर बघावं. पण बहुतेकांना माणूस लागतोच. दहा घरं दाखवणारा, मालकाशी बोलणी करणारा, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कुठल्या दिवशी कुठला कागद लागेल हे सांगणारा. संकेतस्थळ कागद दाखवतं. त्या घरात दुपारी ऊन कुठून येतं, हे ते सांगत नाही.

ओनोरा ओ'नील या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी २००२ साली बीबीसीवर विश्वास या विषयावर व्याख्यानं दिली. त्यांच्या मांडणीतला एक धागा आपल्याला फार उपयोगी आहे. समाजात विश्वास वाढला पाहिजे, असं आपण नेहमी म्हणतो. पण नुसता वाढून काय उपयोग? लबाडावरचा विश्वास वाढला, तर नुकसानच वाढेल. विश्वास ठेवण्यालायक माणसावर तो असावा आणि नालायकावर नसावा, हे खरं उद्दिष्ट आहे. त्यासाठी माहितीचा ढीग पुरत नाही; त्या माहितीच्या आधारे प्रश्न विचारता आले पाहिजेत. हजार अभिप्राय वाचून डोकं गरगरतं. चार नेमक्या प्रश्नांनी माणूस कळायला लागतो.

आणि हे काम एकट्याने करायचं नाही. ज्यांना इंटरनेट सरावाचं नाही, अशा आमच्या वयाच्या मंडळींची अडचण खरी आहे. पण घरात, शेजारी, वाचनालयात कुणीतरी तरुण मुलगा किंवा मुलगी असतेच. पान उघडून देणं हे त्यांचं काम आणि समोरच्याच्या उत्तरातला सूर ओळखणं हे आपलं. माणसं पारखण्यात आपले केस पांढरे झाले आहेत. ते कौशल्य मोबाइलमध्ये उतरवून घेता येत नाही. दोन पिढ्या शेजारी बसल्या की काम होतं.

शेवटी एकच सांगतो. तुमच्यापैकी कुणी येत्या रविवारी घर बघायला जाणार असेल, तर शनिवारी संध्याकाळी अर्धा तास काढा. प्रकल्पाचं किंवा इमारतीचं पान उघडा. चार आकडे वहीत लिहा : तारीख, कार्पेट, शिल्लक सदनिका, मागच्या सौद्याची रक्कम. वही पिशवीत ठेवा आणि दलालाचं म्हणणं शांतपणे, पूर्ण ऐकून घ्या. घरी आल्यावर वही उघडा आणि ताडून बघा.